परत गुन्हा केला नाही, एवढ्यावर रुग्ण बरा झाला म्हणायचं का?

जून २०२३मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात एका माणसाने तिघांना भोसकून मारलं. त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार होता. जानेवारी २०२४मध्ये न्यायालयाने त्याला तुरुंगाऐवजी कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात ठेवण्याचा आदेश दिला. मृतांच्या घरच्यांना तो पटला नाही. निकाल फारच सौम्य आहे म्हणून प्रकरण अपील न्यायालयात गेलं. मे २०२४मध्ये तिथेही मूळ आदेश कायम राहिला.

अशी बातमी वाचली की सगळी चर्चा शिक्षेभोवती फिरते. पण खरा अवघड प्रश्न काही वर्षांनी उभा राहतो. या माणसावरच्या उपचारांचा उपयोग झाला का? हे कोण ठरवणार आणि कशावरून? जगभर अशी रुग्णालयं चालवणारे, त्यांना पैसा देणारे आणि तिथल्या रुग्णांच्या सुटकेचे निर्णय घेणारे याच प्रश्नाशी झगडत असतात. सोपं वाटणारं उत्तर ‘बाहेर पडल्यावर परत गुन्हा केला का ते बघा’ हे आहे. ते उत्तर अपुरं आहेच, शिवाय त्याच्यावर विसंबलं तर माणसं हकनाक मरतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे तुरुंगही नव्हे, नेहमीचं रुग्णालयही नव्हे

ज्याच्या हातून गंभीर गुन्हा घडला आणि ज्याला गंभीर मानसिक आजारही आहे, अशा माणसाला ठेवण्याच्या जागेला आपण इथे सुरक्षित मनोरुग्णालय म्हणू. इंग्लंडमध्ये त्याचे तीन स्तर आहेत. अतिकडक सुरक्षेची तीन रुग्णालयं आहेत: बर्कशायरमधलं ब्रॉडमूर (१८६३पासूनचं), नॉटिंगहॅमशायरमधलं रॅम्पटन आणि मर्सीसाइडमधलं ॲशवर्थ. त्याखाली मध्यम आणि कमी सुरक्षेचे वॉर्ड. रुग्ण सुधारत गेला की एकेक पायरी खाली उतरतो आणि शेवटी देखरेखीखाली घरी किंवा वसतिगृहात जातो.

सुरक्षा म्हणजे उंच भिंती आणि दुहेरी दारं एवढंच नाही. जेवणानंतर चमचे-सुऱ्या मोजून घेणं, झडती, फोनवर निर्बंध हा दुसरा भाग झाला. तिसरा आणि सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे नर्सला आपला रुग्ण ओळखता येणं. आज तो जेवला नाही, टीव्हीसमोरून उठून गेला, एरवी बोलतो त्या माणसाशी बोलला नाही, हे ज्या वॉर्डात कुणाच्या तरी नजरेत येतं तो वॉर्ड सुरक्षित.

इथे मुदत ठरलेली नसते, हे ध्यानात ठेवायला हवं. इंग्लंडच्या १९८३च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम ३७ खाली न्यायालय रुग्णालयाचा आदेश देतं. लोकांना मोठा धोका वाटला तर त्यावर कलम ४१चे निर्बंध लावतं. मग डॉक्टरला वाटलं म्हणून रुग्णाला सोडता येत नाही. आवाराबाहेर रजेवर पाठवायलाही न्याय मंत्रालयाची परवानगी लागते. सुटकेचा निर्णय मंत्रालय किंवा स्वतंत्र न्यायाधिकरण घेतं. सुटकाही बहुधा अटींवर होते: अमुक ठिकाणी राहायचं, औषध घ्यायचं, ठरलेल्या दिवशी डॉक्टरला भेटायचं. तब्येत ढासळून धोका वाढतोय असं दिसलं तर मंत्रालय त्याला परत रुग्णालयात बोलावू शकतं. या ‘परत बोलावण्या’चा संबंध पुढे आकड्यांशी येणार आहे.

गुन्हा ही एकच मोजपट्टी का पुरत नाही

डेपोतून कधीच न सुटणाऱ्या एसटीला अपघात होत नाही. रुग्णाला कधीच बाहेर सोडलं नाही तर त्या रुग्णालयाचा ‘पुन्हा गुन्हा’ हा आकडाही शून्यच राहील. म्हणजे या एकाच आकड्यावर रुग्णालयाला शाबासकी मिळत असेल तर माणसं कोंडून ठेवण्यालाच बक्षीस मिळतं.

याहून वाईट गोष्ट अशी, की सुटल्यावर सहा महिन्यांत आत्महत्या केलेल्या माणसाने पुन्हा गुन्हा केलेला नसतो. कच्च्या हिशेबात तो ‘यशस्वी’ रकान्यात जातो. म्हणून मृत्यूची नोंद गुन्ह्याच्या नोंदीशेजारी ठेवल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये.

तिसरी अडचण नोंदीची. गुन्हा घडला म्हणजे नक्की काय धरायचं? अटक, आरोपपत्र की दोष सिद्ध होणं? अटींवर सुटलेल्या रुग्णाने कुणाला ढकललं, मारलं, तर पुष्कळदा खटला उभाच राहत नाही. त्याला सरळ रुग्णालयात परत आणलं जातं. गुन्ह्याचा आकडा खाली येतो, पुन्हा दाखल होण्याचा वर जातो. एकच घटना एका तक्त्यात यश दिसते आणि दुसऱ्यात अपयश.

पुन्हा दाखल होणं अपयशच असतं असंही नाही. रुग्णाला आवाज ऐकू यायला लागले, त्याने स्वतःहून नर्सला फोन केला आणि तीन आठवडे वॉर्डात राहून तो घरी गेला, तर व्यवस्था चांगली चालली असं म्हणावं लागेल. औषध बंद करून चार महिने बेपत्ता राहिला आणि पोलिसांनी धरून आणला, तर ती वेगळी गोष्ट. दोन्हींची नोंद ‘पुनर्भरती: १’ अशी करणारा तक्ता निरुपयोगी आहे. स्वेच्छेने, परत बोलावून आणि हिंसेनंतर, असे किमान तीन रकाने हवेत.

मग मोजायचं काय

आजाराची लक्षणं हा पहिला भाग. भास होतात का, ‘लोक माझ्या जिवावर उठलेत’ असा भ्रम कितपत पक्का आहे, औषध का घ्यायचं हे त्याला उमगलंय का. दुसरा भाग धोका: इतरांना, स्वतःला, आणि इतरांकडून त्याला. दुबळ्या रुग्णाला वॉर्डात लुबाडलं जाणं, मारलं जाणं हे अशा ठिकाणी घडतं आणि मोजणीतून सहज निसटतं.

मग रोजचं जगणं. दहा वर्षं आत राहिलेल्या माणसाला स्वयंपाक, बँकेचं काम, स्मार्टफोन, बसचं तिकीट यातलं काहीच येत नसेल तर तो बाहेर टिकणार कसा? नातेवाईक, मित्र, कामधंदा याच रकान्यातले. बहुतेक रुग्ण नेमकं यालाच सगळ्यात वरचं स्थान देतात. डॉक्टरांच्या फॉर्मवर मात्र ते शेवटच्या पानावर असतं.

शारीरिक आरोग्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर क्लोझापिन हे सगळ्यात प्रभावी औषध मानलं जातं. पण ते पांढऱ्या पेशी कमी करू शकतं. म्हणून ब्रिटनमध्ये पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष होईपर्यंत पंधरवड्याला आणि नंतर महिन्याला रक्त तपासतात. ते वजन आणि साखर वाढवतं, आणि त्याने होणारी बद्धकोष्ठता आतडं बंद पडून जीव जाण्यापर्यंत पोचू शकते. बंद वॉर्ड, कमी हालचाल, सिगारेट आणि गोड पेयं यांची त्यात भर पडते. भास थांबले पण पन्नाशीत हृदयविकाराने गेला, अशा रुग्णाच्या बाबतीत उपचार यशस्वी झाले असं कसं म्हणणार? तेव्हा वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि शौचाची नोंद या गोष्टी भासांच्या नोंदीइतक्याच महत्त्वाच्या.

आणि शेवटी काळ. कुठल्या स्तरावर किती महिने गेले आणि त्यातले किती उपचारांसाठी, किती खालच्या स्तरावर खाट मिळत नाही म्हणून? हे दोन वेगळे मोजले नाहीत तर व्यवस्थेची दिरंगाई रुग्णाच्या आजाराच्या खात्यावर पडते.

हातातल्या मोजपट्ट्या

ब्रिटनमध्ये ‘होनॉस’ ही प्रश्नावली बरीच वापरली जाते. त्यात १२ बाबी, प्रत्येकीला ० ते ४ गुण. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. सुरक्षित रुग्णालयांसाठी तिला सुरक्षेच्या ७ बाबी जोडल्या आहेत: इमारतीचा बंदोबस्त किती लागतो, रजेवर जाताना सोबत कर्मचारी लागतो का, वगैरे. भरायला सोपी, पण एक मोठी गफलत ठरलेली. दारू आणि नशेच्या बाबीत बंद वॉर्डातल्या रुग्णाला ० मिळतो, कारण तिथे दारू मिळतच नाही. तो शून्य रुग्णाचा नसून कुलपाचा आहे. बाहेर पडल्यावर गुण वाढले की सगळे चकित होतात.

दुसरी ‘एचसीआर-२०’. हिच्यात हिंसेच्या धोक्याच्या २० बाबी आहेत: १० भूतकाळातल्या, ५ आत्ताच्या, ५ पुढच्या काळातल्या. पूर्वीची हिंसा, लहानपणीचे आघात या दहा गोष्टी कुठल्याही औषधाने बदलत नाहीत. त्यामुळे एकूण बेरीज घेऊन ‘उपचाराने फरक पडला नाही’ म्हणणं चूक आहे. २०१३च्या तिसऱ्या आवृत्तीत तर बेरजेवर निर्णय अपेक्षितच नाही. हा माणूस कुठल्या परिस्थितीत, कुणाशी, कसा हिंसक होऊ शकेल आणि ते टाळायला काय करायचं, हे जाणकाराने लिहून काढायचं असतं. ही धोका समजून घेण्याची पद्धत आहे. तिच्यावर रुग्णालयाचं यश मोजणं म्हणजे तिचा गैरवापर.

डब्लिनच्या मध्यवर्ती मनोरुग्णालयात तयार झालेली ‘डंड्रम’ ही साधनांची पेटी मला जास्त पटते, कारण तिच्यातला प्रत्येक भाग एका ठरावीक निर्णयाशी बांधलेला आहे. या रुग्णाला किती सुरक्षा हवी, किती तातडीने हवी, शारीरिक आणि मानसिक आरोग्य, नशा, समस्येचं वागणं, स्वतःची काळजी, शिक्षण-काम आणि नातीगोती या बाबतींत उपचारांचा कार्यक्रम कुठवर आला, आणि तो सावरतोय का. पायरी खाली उतरवायची की नाही हे ठरवताना शेवटचे दोन भाग थेट उपयोगी पडतात. ऑक्सफर्डमध्ये रुग्णांना आणि नातेवाइकांना सोबत घेऊन बनवलेलं ‘फोरम’ हे याहून नवं साधन. त्याचे दोन फॉर्म आहेत, एक रुग्णाने भरायचा आणि एक उपचार करणाऱ्यांनी.

साधन कुठलंही असो, बिघडतं ते वापरताना. दाखल झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच पहिली नोंद झाली नाही तर पुढे तुलना कशाशी करणार? मग दर सहा महिन्यांनी, ठरल्या तारखेला, आणि प्रत्येक पायरी बदलण्याआधी नोंद हवी. ‘रुग्ण बिघडला तेव्हा भरू’ अशी सवय लागली की सगळे आकडे वाईट दिवसांचेच जमतात. निदान काही फॉर्म दोघांनी वेगवेगळे भरून ताडून पाहायला हवेत, कारण एका वॉर्डाचे २ गुण दुसऱ्या वॉर्डात ३ होतात. आणि रुग्णालयाचा निधी गुणांवर ठरायला लागला की गुण सुधारतात, रुग्ण सुधारतोच असं नाही.

बाहेर पडल्यावर काय होतं

२०१६मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’त एक मोठं संकलन छापून आलं. १० देशांमधले ३५ अभ्यास, सुरक्षित मनोरुग्णालयांतून सुटलेले १२,०५६ रुग्ण. आकडे ‘व्यक्ती-वर्षा’त आहेत. १०० माणसांवर प्रत्येकी १० वर्षं लक्ष ठेवलं तर १००० व्यक्ती-वर्षं होतात. कुणावर दोन वर्षं लक्ष ठेवलं, कुणावर वीस, तरी त्यामुळे तुलना करता येते.

दर एक लाख व्यक्ती-वर्षांमागे पुन्हा गुन्ह्याचा दर ४,४८४ निघाला. म्हणजे १०० सुटलेल्या रुग्णांमागे वर्षाला साडेचारच्या आसपास. पुन्हा दाखल होण्याचा ७,२०८. मृत्यूचा, कुठल्याही कारणाने, १,५३८. आणि आत्महत्येचा ३२५.

शेवटच्या आकड्यावर थांबा. इंग्लंडच्या सर्वसाधारण लोकसंख्येत आत्महत्येचा दर लाखामागे ११च्या आसपास असतो. वय, पुरुषांचं प्रमाण आणि आजार लक्षात घेतले तर ही सरळ तुलना पुरती न्याय्य नाही, तरी जवळपास तीस पटींची दरी त्याने भरून निघत नाही. ज्यांची समाजाला भीती वाटते तीच माणसं सुटल्यावर स्वतःच्या हातून मरतायत, आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णालयाच्या अहवालात त्यासाठी रकानाही नसतो. याच संकलनात असंही दिसलं की पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण तुरुंगातून सुटलेल्यांसारख्या इतर अनेक गटांपेक्षा कमी आहे.

‘कमी गुन्हे म्हणजे उपचार यशस्वी ना?’

काही अंशी. पण दोन्ही गट सारखे नाहीत. रुग्णालयातून सुटणारा माणूस सहसा वयाने मोठा असतो, आणि वय वाढलं की हिंसा तशीही घटते. त्याच्यावर देखरेख असते, परत बोलावण्याची टांगती तलवार असते, डोक्यावर छप्पर बघूनच त्याला सोडलेलं असतं. शिवाय ज्यांचा धोका कमी वाटतो त्यांनाच सोडतात. उपचार, वय, देखरेख आणि निवड यांचे वाटे वेगळे काढणं फार कठीण आहे. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना तुरुंगात आणि निम्म्यांना रुग्णालयात पाठवण्याचा प्रयोग कुठलंच न्यायालय करू देणार नाही, आणि देऊही नये.

त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे दाखल झालेला प्रत्येक रुग्ण मोजणीत ठेवणं, सुटलेलेच नव्हे. परत तुरुंगात पाठवलेले, दुसऱ्या रुग्णालयात गेलेले, आतच मेलेले, सगळे. मग सुटकेनंतर १, २ आणि ५ वर्षांनी पोलिसांच्या, रुग्णालयांच्या आणि मृत्यूच्या नोंदी ताडून पाहणं. ‘संपर्क तुटला’ हा रकाना मोठा असेल तर बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये, कारण बेघर आणि आजारी माणसांचाच संपर्क आधी तुटतो.

‘रुग्ण सुटण्यासाठी गोडच बोलणार’

काही बोलतात. म्हणूनच रुग्णाचं आणि डॉक्टरचं मत वेगवेगळं घेऊन शेजारी ठेवायचं. डब्लिनच्या रुग्णालयात हे करून पाहिलं, तेव्हा रुग्ण स्वतःला डॉक्टरांच्या मानाने जास्त सावरलेलं समजतात असं दिसलं. पण कमी सुरक्षेच्या वॉर्डांकडे जावं तशी दोन मतं जवळ येत होती. म्हणजे त्या दोन मतांमधलं अंतरही मोजण्याजोगं आहे. ‘माझं सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्याला स्वतःच्या आजाराची जाण अजून आलेली नसेल. उलट, ‘मला बाहेर एकटं राहायची भीती वाटते’ असं लिहिणारा माणूस आत्महत्या टाळायला लागणारी माहितीच आपल्या हातात ठेवत असतो. ती डॉक्टरच्या फॉर्मवर कधी येत नाही.

‘धोका वाटतो तर आतच ठेवा’

हा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर गणितात आहे. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. १००० रुग्णांपैकी ५० जण सुटल्यावर गंभीर हिंसा करणार आहेत. आपल्या चाचणीने त्या ५०पैकी ४० जण बरोबर हेरले. बाकी ९५०पैकी दर पाचात एकावर, म्हणजे १९० जणांवर, तिने चुकून बोट ठेवलं. एकूण २३० जण आत ठेवावे लागतील, त्यातले १९० विनाकारण, आणि १० जण तरीही निसटतील. चाचणी वाईट नाही. घटनाच विरळ आहे, म्हणून चुकीचे इशारे खऱ्यांपेक्षा जास्त निघतात.

आत ठेवण्याची किंमतही असते. अडलेल्या प्रत्येक खाटेमागे तुरुंगाच्या कोठडीत भास होत असलेला दुसरा माणूस वाट बघत असतो. सहा महिने सोबतीने रजा, मग एकट्याने, मग रात्रीची रजा, अशी पायऱ्यापायऱ्यांची सुटका करत प्रत्येक पायरीवर मोजत जाणं हे एकदम सोडण्यापेक्षा आणि कायम कोंडण्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे.

‘ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय?’

त्यांचं दुःख कुठल्याही गुणपत्रिकेत बसत नाही, आणि बसवूही नये. पण त्यांना माहिती देणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये गंभीर हिंसेच्या प्रकरणांत पीडितांच्या कुटुंबाला संपर्क अधिकारी मिळू शकतो, सुटकेचा विचार सुरू झाल्याचं कळवलं जातं, आणि ‘आमच्या गावात येऊ नये’ अशी अट त्यांना सुचवता येते. हे वेळेवर झालं का, हेही फलितातच धरायला हवं.

आपल्याकडे

महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. न्यायालयाने पाठवलेले रुग्ण आपल्याकडे मुख्यतः मनोरुग्णालयांत किंवा तुरुंगात असतात. इंग्लंडसारखी तीन स्तरांची उतरंड इथे नाही. कायदा मात्र आहे. मनाची धारणा ढळलेली असताना घडलेल्या कृत्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं कलम ८४), खटल्यादरम्यानच्या आजारासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं २७वं प्रकरण, आणि आजारी कैद्यांसाठी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३. या शेवटच्या कलमानुसार प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय असायला हवी.

आपल्याकडे सगळ्यात आधी काळ मोजायला हवा. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं. तरी ते सुटले २००५मध्ये, खटला न चालताच, ५४ वर्षांनी. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तीन लाख रुपये आणि महिन्याला हजार रुपये द्यायला सांगितलं. त्याच वर्षी ते वारले. या ५४ वर्षांत त्यांनी एकही गुन्हा केला नव्हता. फक्त गुन्हा मोजणाऱ्या तक्त्यात त्यांचं नाव यशस्वी रुग्णांतच आलं असतं.

यासाठी महागडी प्रश्नावली लागत नाही. न्यायालयाने पाठवलेल्या प्रत्येक रुग्णासाठी एका पानाची नोंद पुरते: दाखल झाल्याची तारीख, आदेश देणारं न्यायालय, खटला चालवण्याइतकी तब्येत आहे असं डॉक्टरांनी कळवल्याची तारीख, न्यायालयाने त्यावर काही केल्याची तारीख, शेवटची वकिलाची भेट, शेवटची नातेवाइकाची भेट, दर तीन महिन्यांचं वजन आणि साखर, आणि सुटला असेल तर एक वर्षाने तो कुठे आहे. डॉक्टरांनी कळवल्यापासून न्यायालयाने काही करेपर्यंत सहा महिन्यांहून जास्त गेलेली पानं वेगळी काढून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावीत. मोफत वकील देणं त्यांच्या कामातच येतं.